नियमाची किंमत कोणी मोजायची?

अमेरिकेतील प्रोव्हो येथील ब्रिगहॅम यंग विद्यापीठ मॉर्मन चर्चच्या मालकीचे आहे. तेथे मद्य, तंबाखू आणि विवाहाबाहेरचे शरीरसंबंध निषिद्ध आहेतच, चहा-कॉफीही चालत नाही. (सकाळचा चहा सोडण्याच्या अटीवर आपले किती रणजीपटू सही करतील?) रविवारी विद्यापीठाचे संघ खेळत नाहीत, राष्ट्रीय स्पर्धेलाही त्यांच्या सामन्यांची आखणी तो दिवस टाळून करावी लागते. मार्च २०११ मध्ये विद्यापीठाचा बास्केटबॉल संघ देशात तिसऱ्या क्रमांकावर होता आणि विजेतेपदाची स्वप्ने पडू लागली होती. नेमक्या त्याच वेळी आचारसंहिता मोडली म्हणून एका प्रमुख खेळाडूला उरलेल्या हंगामासाठी घरी बसवण्यात आले. पुढचाच सामना संघ घरच्या मैदानावर ६४-८२ असा हरला.

विशीही न उलटलेल्या मुलाच्या खासगी आयुष्याची देशभर चर्चा झाली, ती आम्हाला रुचलेली नाही. मात्र नियमाची झळ विद्यापीठाने स्वतः सोसली आणि पुढच्या हंगामात त्या मुलाला परत घेतले, हेही खरे.

याउलट, टेक्सासच्या बेलर या बाप्टिस्ट विद्यापीठात फुटबॉल संघ जिंकत राहिला आणि खेळाडूंविरुद्धच्या लैंगिक अत्याचाराच्या तक्रारी दबत राहिल्या. इतर विद्यापीठांतून घेतलेल्या खेळाडूंचा पूर्वेतिहासही नीट तपासला जात नव्हता, असे चौकशीत आढळले. २०१६ मध्ये प्रशिक्षक आर्ट ब्राइल्स गेले, विद्यापीठाच्या अध्यक्षपदावरून केन स्टारही गेले. राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांच्या वर्तनाची चौकशी करणारे स्टार ते हेच! तोवर संघाच्या विजयांची किंमत तक्रारदार मुलींनी मोजली होती.

आता तर विद्यापीठीय खेळांत पैशाचा पूर आला आहे. २०२५ मधील न्यायालयीन तडजोडीनंतर विद्यापीठे खेळाडूंना थेट मोबदला देऊ शकतात. पहिल्या वर्षीची मर्यादा प्रत्येक विद्यापीठाला सुमारे २ कोटी ५ लाख डॉलर. त्याआधीच, डिसेंबर २०२४ मध्ये, देशातल्या अव्वल शालेय बास्केटबॉलपटूंपैकी एक असलेल्या ए. जे. डिबान्सा याने ब्रिगहॅम यंगची निवड केली. तो मॉर्मन नाही, आणि त्यात वावगे काहीच नाही. पण असा हुकमी खेळाडू उद्या नियम मोडेल तेव्हा २०११चा ताठपणा टिकेल काय? खेळाडू मिळवण्यासाठी मुलाच्या घरी बसून प्रार्थनेच्या आणि कुटुंबभावनेच्या गोष्टी करणारा प्रशिक्षक शिक्षेचे कलमही वाचून दाखवतो काय?

धर्माचे नाव लावणाऱ्या विद्यापीठांनी नियम आणि शिक्षा पहिल्याच भेटीत पालकांच्या हाती लेखी द्याव्यात. आणि तक्रारींचा निवाडा क्रीडा विभागाकडे मुळीच ठेवू नये.