ब्रेक ऑइल किलोमीटरवर नको, तारखेवर बदला

जुन्या गाडीची निगा म्हटली की इंजिन ऑइल, बॅटरी आणि टायर यांची चौकशी आवर्जून होते. ब्रेक ऑइलचा विषय निघतो तो टाकीतली पातळी खाली गेली तरच. मेकॅनिक थोडं ओततो, झाकण लावतो आणि काम झालं असं सगळेच समजतात. माझ्या मते ही सवय धोक्याची आहे. गाडी किती पळाली याचा हिशेब न करता हे ऑइल दर दोन वर्षांनी पूर्ण बदललं पाहिजे, आणि पंधरा वर्षांनंतर नोंदणीचं नूतनीकरण करताना त्याची तपासणी सक्तीची असली पाहिजे.

आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांत डॉट ३ किंवा डॉट ४ प्रतीचं ब्रेक ऑइल असतं. ते ग्लायकॉल जातीचं असल्यामुळे, पावसाळ्यात बरणीतलं मीठ जसं ओलावतं तसं तेही हवेतली ओल शोषतं. टाकीच्या झाकणाला हवेसाठी बारीक वाट असते, आणि चाकांपर्यंत जाणाऱ्या रबरी नळ्यांच्या अंगातूनही ओल हळूहळू आत झिरपते. म्हणजे झाकण एकदाही उघडलं नाही तरी ऑइल खराब होतच राहतं. प्रमाणकाप्रमाणे नव्या डॉट ३चा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सियस असावा लागतो, त्यात ३.७ टक्के पाणी मिसळलं की ही अट १४० अंशांवर येते. डॉट ४साठी हेच आकडे २३० आणि १५५ आहेत. कोकण, मुंबई, गोवा इथल्या दमट हवेत ओल शिरायला वेगळं निमित्त लागत नाही.

आता असं ओल धरलेलं ऑइल असलेली गाडी भरल्या सामानासह आंबोली किंवा ताम्हिणीचा घाट उतरते आहे असं समजा. चालकाचा पाय सतत ब्रेकवर. डिस्क आणि पॅड भयंकर तापतात, ती उष्णता कॅलिपरमधल्या ऑइलपर्यंत पोचते, त्यातलं पाणी उकळतं आणि वाफेचे बुडबुडे होतात. द्रवावर दाब दिला की तो दाब चाकापर्यंत जातो. वाफ मात्र नुसती दबते. पेडल खाली जातं आणि गाडी थांबत नाही. ब्रेक थंड झाले की वाफेचं पुन्हा पाणी होतं आणि पेडल पूर्ववत कडक लागतं. म्हणूनच ‘माझ्या गाडीचे ब्रेक झकास लागतात’ या खात्रीला इथे अर्थ नाही. शहरातल्या रहदारीत ऑइलची ही परीक्षा होतच नाही. पातळीचंही तसंच. पॅड झिजले की कॅलिपरचा पिस्टन पुढे सरकतो आणि टाकीतलं ऑइल कमी होतं. नाहीतर कुठेतरी गळती असते. कारण न शोधता नुसतं ओतणं म्हणजे गाडी देत असलेली सूचना पुसून टाकणं.

‘गाडी महिन्यातून दोनदाच निघते, मग ऑइल कशाला बदलायचं?’ असं पुष्कळ जण विचारतात. ओल किलोमीटर मोजत नाही. उभ्या गाडीतही ती शिरते आणि सिलिंडर आतून गंजवते. हा गॅरेजवाल्यांचा धंदा आहे, हा संशयही अगदीच निराधार नाही, कारण नको ती कामं ग्राहकाच्या गळ्यात मारली जातात. पण साधारण दोन वर्षांची मुदत अनेक कंपन्यांच्या पुस्तिकेतच छापलेली असते. लागणारं ऑइल अर्धा ते एक लिटर, आणि खर्च मास्टर सिलिंडर बदलण्यापेक्षा कितीतरी कमी. बाटली मात्र सीलबंद हवी आणि ती आपल्यासमोर फोडलेली हवी. कपाटात अर्धवट पडून असलेल्या बाटलीतल्या ऑइलने आधीच ओल धरलेली असते.

खरा वजनदार आक्षेप अनुभवी मेकॅनिकांचा आहे: जुन्या गाडीत हात घातला की नसलेली दुखणी उभी राहतात. ऑइल बाहेर काढण्याचं चाकाजवळचं गंजलेलं निपल तुटतं. हवा काढताना पेडल तळापर्यंत दाबलं, की मास्टर सिलिंडरच्या एरवी न वापरल्या जाणाऱ्या, गंजलेल्या भागावर रबरी सील घासतं आणि फाटतं. हे खरं आहे, पण त्यावर उपाय आहेत. निपलवर आदल्या दिवशी गंज सोडवणारा स्प्रे मारावा, पेडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवून ते अर्ध्यावरच थांबवावं, किंवा ऑइल वरून दाबाने ढकलणारं यंत्र वापरावं. इतक्या काळजीनेही निपल तुटलं किंवा सील गळू लागलं, तर तो भाग बदलण्याच्याच लायकीचा होता. तो गॅरेजात कळलेला बरा की घाटात?

खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांनी संपते आणि तपासणीनंतर पुढे पाच वर्षांसाठी मिळते. या तपासणीत ब्रेक रोलरवर मोजले तरी ती चाचणी काही सेकंदांची असते. तेवढ्यात ऑइल तापत नाही. धुराची तपासणी आपण नियमित करून घेतोच. मग ऑइलचा नमुना उकळवून त्याचा उत्कलनबिंदू दाखवणारं छोटं उपकरण तपासणी केंद्रात ठेवणं अवघड नसावं. नमुना मात्र टाकीतून न घेता चाकाजवळच्या निपलमधून घ्यायला हवा, कारण वरचेवर ओतलेलं नवं ऑइल टाकीतच राहतं आणि सर्वात जुनं, सर्वात जास्त तापणारं ऑइल कॅलिपरमध्ये असतं.