गायरान कसणाऱ्यांचा सातबारा कुठे आहे?

एकनाथ आवाडांच्या फोटोला हार घालणाऱ्या पुढाऱ्यांना मला एकच विचारायचं आहे : ज्यांच्यासाठी आवाड, म्हणजे आमचे जिजा, आयुष्यभर भांडले, त्यांच्या नावचा सातबारा कुठे आहे?

बीड जिल्ह्यातल्या दुकडेगावच्या पोतराजाचा हा मुलगा. बापाच्या जटा त्यांनी स्वतः कापल्या. मानवी हक्क अभियान उभारून मराठवाड्यातल्या दलित भूमिहीनांना गायरानाच्या लढ्यात उतरवलं. भूमिहीनांसाठी दादासाहेब गायकवाडांनी 1964 साली सत्याग्रह केला, लाखो माणसं तुरुंगात गेली. तोच लढा जिजांनी गावोगाव, बांधाबांधावर नेला. दगड वेचून मुरमाड माळावर ज्वारी उभी करायची, आणि गावानं त्या उभ्या पिकात जनावरं सोडली की पोलीस ठाण्याची पायरी चढायची.

14 एप्रिल 1990 पर्यंतची भूमिहीन मागासवर्गीयांची अतिक्रमणं नियमित करायचं शासनानं 1991 मध्ये ठरवलं. ठरवलं, आणि तहसिलात फायली कुजवल्या. मांजरा नदीच्या पलीकडे बीडमधलं केज, अलीकडे आमचा धाराशिव जिल्ह्यातला कळंब. दोन्ही काठांवर कसणाऱ्याकडे पुरावा काय, तर गाव नमुना एक-ई या अतिक्रमणांच्या नोंदवहीतली नोंद आणि दंडाची जुनी पावती. जमीन कसल्याबद्दल ज्या सरकारनं दंड घेतला, तेच सरकार आता पुरावा मागतं. हा निर्लज्जपणा आहे.

वर सर्वोच्च न्यायालयाकडे बोट दाखवतात. 28 जानेवारी 2011 चा जगपाल सिंग निकाल मी वाचला आहे. सार्वजनिक जमिनीवरची अतिक्रमणं काढा, असं तो सांगतो, हे खरं. पण शासनाच्या अधिसूचनेनुसार भूमिहीन मजुरांना किंवा अनुसूचित जाती-जमातींना जमीन दिली असेल, तर अपवाद करता येईल, हेही त्यातच लिहिलंय. गायरान सोडा म्हणून नोटिसा काढणाऱ्यांना नेमकं तेवढंच वाक्य दिसत नाही! शिवाय सौर प्रकल्पाला गायरान द्यायचं म्हटलं की त्याच सरकारला गुरांच्या चराईची आठवण राहत नाही. कंपनीला भाडेपट्टा, तीस-चाळीस वर्षं राबलेल्या बाईला नोटीस.

25 मे 2015 ला जिजा गेले. पुढाऱ्यांनो, हार राहू द्या. धाराशिवच्या जिल्हाधिकाऱ्यांकडे जा आणि तालुकावार यादी मागा : एक-ई मध्ये 1990 पूर्वीची नावं किती, मंजूर किती, नाकारलेली किती आणि कुणाच्या सहीनं. ती यादी प्रत्येक ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लावा.