विश्लेषण : सर्पदंशावरील औषध बदलू घातलेय, पण आज जीव कशाने वाचेल?

सर्पदंशावर जगभर वापरले जाणारे औषध सव्वाशेहून अधिक वर्षे जवळपास एकाच पद्धतीने तयार होत आहे. घोड्याला सापाचे विष टोचायचे आणि त्याच्या रक्तातून औषध काढायचे. गेल्या दोन-तीन वर्षांत या पद्धतीला पर्याय शोधणारे महत्त्वाचे संशोधन प्रसिद्ध झाले. प्रयोगशाळेत निवडलेली मानवी प्रतिपिंडे, संगणकाच्या मदतीने रचलेली प्रथिने, तोंडावाटे घेता येईल अशी गोळी, असे त्याचे अनेक मार्ग आहेत. यातील काही कामात बेंगळूरुच्या भारतीय विज्ञान संस्थेचाही (आयआयएससी) सहभाग आहे. हे संशोधन नेमके काय सांगते आणि शेताच्या बांधापर्यंत ते कधी पोहोचणार, याविषयी…

समस्या किती गंभीर?

‘मिलियन डेथ स्टडी’ या देशव्यापी पाहणीच्या आधारे २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अंदाजानुसार, २००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख लोकांचा मृत्यू झाला. म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार. मृतांपैकी चौथ्या हिश्शाहून अधिक १५ वर्षांखालील मुले होती. जवळपास निम्मे मृत्यू जून ते सप्टेंबर या पावसाळी महिन्यांत झाले. बहुतांश बळी ग्रामीण भागातील होते.

याच पाहणीवर आधारित २०११ मधील अभ्यासात आणखी एक बाब पुढे आली होती. सर्पदंशाने मरण पावलेल्यांपैकी सुमारे तीन-चतुर्थांश जणांचा मृत्यू रुग्णालयाबाहेर झाला होता. म्हणजे औषध चांगले की वाईट, हा प्रश्न त्यांच्याबाबतीत आलाच नाही. ते औषधापर्यंत पोहोचलेच नाहीत.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये सर्पदंशाचा समावेश दुर्लक्षित उष्णकटिबंधीय आजारांच्या यादीत केला आणि २०३० पर्यंत त्यामुळे होणारे मृत्यू व अपंगत्व निम्म्यावर आणण्याचे उद्दिष्ट ठेवले.

सध्याचे औषध कसे तयार होते?

गावाकडे त्याला ‘सापाची लस’ म्हणतात. पण ती लस नाही. लस आजार होण्याआधी देतात. हे प्रतिविष आहे आणि ते दंशानंतर, विषबाधेची लक्षणे दिसू लागल्यावर देतात. फ्रेंच संशोधक आल्बेर काल्मेत यांनी १८९० च्या दशकात नागाच्या विषावर असे पहिले औषध तयार केले.

भारतात नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार सापांचे विष थोड्या-थोड्या मात्रेत घोड्यांना टोचले जाते. घोड्याच्या शरीरात विषाविरुद्ध प्रतिपिंडे तयार होतात. रक्तद्रवातून ती वेगळी करून, शुद्ध करून कुप्यांमध्ये भरली जातात. मुंबईतील हाफकिनसह देशातील मोजक्या कंपन्या हे उत्पादन करतात. एकच औषध चारही सापांच्या विषावर चालत असल्याने रुग्णाला नेमका कोणता साप चावला हे ठाऊक नसले तरी उपचार सुरू करता येतात. हा या औषधाचा मोठा फायदा आहे.

त्याच्या मर्यादाही आहेत. औषधातील प्रतिपिंडांचा थोडाच भाग प्रत्यक्ष विषावर काम करतो, त्यामुळे सुरुवातीलाच आठ ते दहा कुप्या द्याव्या लागतात. प्रथिने घोड्याची असल्याने काही रुग्णांना तीव्र ॲलर्जी येते. अशा वेळी ॲड्रेनॅलिनचे इंजेक्शन हाताशी असावे लागते.

हे औषध सगळीकडे सारखे प्रभावी का नाही?

यामागचे कारण विषाच्या स्रोतात आहे. औषधासाठी लागणारे बहुतेक विष तमिळनाडूतील इरुला समाजाच्या सहकारी संस्थेकडून येते. साप पकडण्यात पिढ्यान्पिढ्या निष्णात असलेल्या या समाजाची संस्था १९७८ मध्ये चेन्नईजवळ स्थापन झाली. तेथे सापांचे विष काढून काही आठवड्यांनी त्यांना पुन्हा निसर्गात सोडले जाते. या संस्थेमुळे देशाला इतकी वर्षे प्रतिविष मिळत राहिले. मात्र, हे साप तमिळनाडूच्या उत्तर भागातील मोजक्या परिसरातले असतात.

एकाच जातीच्या सापाचे विष प्रदेशानुसार बदलते. विष म्हणजे अनेक प्रथिनांचे मिश्रण. सापाचे भक्ष्य, वय आणि परिसर यांनुसार त्यातील घटकांचे प्रमाण वेगळे असते. आयआयएससीमधील कार्तिक सुनगर आणि सहकाऱ्यांनी विविध राज्यांतील सापांच्या विषांवर भारतीय प्रतिविष तपासले. काही भागांतील नागांच्या विषावर ते अपेक्षेपेक्षा कमी परिणामकारक ठरले.

‘चार प्रमुख’ सापांच्या यादीबाहेरच्या विषारी सापांचा प्रश्न आणखी बिकट आहे. पश्चिम भारतात आढळणारी सिंध मण्यार किंवा पश्चिम घाटातील ‘हम्प-नोज्ड पिट व्हायपर’ यांच्यासाठी भारतात स्वतंत्र प्रतिविष नाही.

घोणशीविषयीचा नवा अभ्यास काय सांगतो?

या गटाने एप्रिल २०२५ मध्ये घोणशीवरील अभ्यास प्रसिद्ध केला. त्यासाठी देशातील ३४ ठिकाणच्या ११५ घोणशींचे विष तपासण्यात आले. तापमान आणि पर्जन्यमान यांचा विषाच्या घटकांशी काही अंशी संबंध असल्याचे त्यात आढळले. कोरड्या भागातील घोणशींच्या विषात प्रथिने तोडणाऱ्या विकरांचा जोर अधिक दिसला.

याचा व्यावहारिक उपयोग आहे. घोणशीच्या दंशानंतर कोणाला रक्तस्राव अधिक होतो, कोणाची मूत्रपिंडे निकामी होतात, तर कोणाला चावलेल्या जागी गंभीर जखम होते. हवामानाच्या नोंदींवरून कोणत्या भागातील घोणशीचे विष साधारण कसे असेल, याचा नकाशा तयार करता येईल. डॉक्टरांना उपचारांसाठी आणि कंपन्यांना कोठल्या सापांचे विष वापरावे हे ठरवण्यासाठी तो उपयोगी पडेल. विदर्भातील आणि कोकणातील हवामानात केवढा फरक आहे, हे लक्षात घेतले तर महाराष्ट्रासाठी या संशोधनाचे मोल कळते.

घोड्याशिवाय औषध शक्य आहे?

त्या दिशेने ठोस पावले पडली आहेत. फेब्रुवारी २०२४ मध्ये अमेरिकेतील स्क्रिप्स रिसर्च, आयआयएससी आणि ब्रिटनमधील लिव्हरपूल येथील संशोधकांनी एक कृत्रिम मानवी प्रतिपिंड शोधल्याचे जाहीर केले. नाग आणि मण्यार यांच्या कुळातील सापांच्या विषात मज्जासंस्थेवर हल्ला करून श्वास बंद पाडणारे विशिष्ट घटक असतात. वेगवेगळ्या सापांमधील या घटकांच्या एका समान भागाला हे प्रतिपिंड चिकटते. प्रतिपिंड मानवी असल्याने घोड्याच्या प्रथिनांमुळे येणाऱ्या ॲलर्जीचा धोका कमी होण्याची आशा आहे.

मे २०२५ मध्ये चर्चेत आलेले संशोधन वेगळ्या वाटेने झाले. टिम फ्रीडी या अमेरिकी व्यक्तीने जवळपास १८ वर्षे स्वतःला सापांचे विष टोचून घेतले होते. त्यांच्या रक्तातून मिळालेली दोन प्रतिपिंडे आणि ‘व्हारेस्प्लॅडिब’ हे औषध एकत्र करून उंदरांवर प्रयोग झाला. नाग-मण्यार कुळातील १९ जातींच्या सापांपैकी १३ जातींच्या विषापासून पूर्ण, तर उर्वरित सहा जातींपासून अंशतः संरक्षण मिळाले. अर्थात फ्रीडी यांचा मार्ग जीवघेणा आहे आणि कोणीही त्याचे अनुकरण करू नये.

याआधी, जानेवारी २०२५ मध्ये रसायनशास्त्राचे नोबेल मिळालेले डेव्हिड बेकर यांच्या गटाने निसर्गात अस्तित्वात नसलेली छोटी प्रथिने संगणकाच्या साह्याने रचली. घातक मात्रा दिलेल्या उंदरांपैकी ८० ते १०० टक्के उंदीर त्यामुळे वाचले. अशी प्रथिने जिवाणूंच्या मदतीने स्वस्तात तयार करता येतील आणि उष्णता सहन करतील, अशी आशा आहे.

मग अडचण कुठे आहे?

पहिली अडचण म्हणजे हे तिन्ही प्रयोग उंदरांवर झाले आहेत. बेकर यांच्या गटाचा प्रयोग तर संपूर्ण विषावर नव्हे, त्यातील सुट्या घटकांवर होता.

दुसरी अडचण भारतासाठी अधिक महत्त्वाची आहे. हे यश मुख्यतः नाग आणि मण्यार यांच्या कुळापुरते आहे. घोणस आणि फुरसे यांचे विष रक्त गोठण्याची प्रक्रिया बिघडवते व ऊती नष्ट करते. त्यातील घटक अधिक गुंतागुंतीचे आहेत. भारतात सर्वाधिक बळी घेणाऱ्या सापांत घोणस आघाडीवर आहे. तिच्यावर उपाय नसेल, तर ‘सर्वसमावेशक प्रतिविष’ हे नाव आपल्याकडे अपुरेच ठरेल.

तिसरी अडचण किमतीची. प्रयोगशाळेत बनणारी प्रतिपिंडे महाग असतात आणि या औषधाची सर्वाधिक गरज शेतकरी, शेतमजूर व आदिवासी कुटुंबांना आहे. सरकारी खरेदीशिवाय कंपन्या त्यात पैसा घालतील, असे मानणे धाडसाचे ठरेल.

व्हारेस्प्लॅडिब गोळीचे उदाहरण या संदर्भात बोलके आहे. रुग्णालयात पोहोचण्याआधीच गोळी देता आली तर मोठा फरक पडेल, ही कल्पना आकर्षक होती. भारत आणि अमेरिकेतील रुग्णांवर तिची चाचणी झाली. नेहमीच्या उपचारांच्या जोडीला ती दिल्यावर सरसकट स्पष्ट फायदा दिसला नाही. दंशानंतर लवकर गोळी मिळालेल्या रुग्णांत मात्र आशादायक चिन्हे दिसली. म्हणजे इथेही मुद्दा वेळेवर येऊन थांबला.

महाडचा अनुभव काय शिकवतो?

विंचूदंशावरील संशोधनाचा इतिहास महाराष्ट्राला जवळचा आहे. कोकणातील लाल विंचवाच्या दंशाने पूर्वी अनेक मुले दगावत. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी रुग्णांच्या खाटेशेजारी बसून नोंदी ठेवल्या आणि १९८० च्या दशकात ‘प्रॅझोसिन’ हे रक्तदाबावरचे स्वस्त औषध यावर उपयोगी असल्याचे दाखवून दिले. त्यामुळे मृत्यूंचे प्रमाण मोठ्या प्रमाणात घटले. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

ते औषध नवे नव्हते. ते योग्य रुग्णाला, योग्य वेळी आणि जवळच्या दवाखान्यात मिळणे नवे होते. सर्पदंशाबाबत हाच दुवा कच्चा आहे. प्रतिविषाची ॲलर्जी येईल या धास्तीने अनेकदा पहिली मात्रा न देताच रुग्णाला ‘पुढे’ पाठवले जाते आणि प्रवासात मोलाचे तास जातात. स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत रुग्णाचे रक्त २० मिनिटे न हलवता ठेवले आणि ते गोठले नाही, तर विष रक्तात भिनल्याचा तो सबळ पुरावा असतो. प्राथमिक आरोग्य केंद्रातही ही चाचणी जवळपास विनाखर्च करता येते.

सरकारी पातळीवर काय होतेय?

केंद्राने मार्च २०२४ मध्ये सर्पदंशाबाबतचा राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर केला. २०३० पर्यंत मृत्यू निम्म्यावर आणणे, हेच त्याचेही लक्ष्य आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्पदंशाचे रुग्ण आणि मृत्यू यांची नोंद सक्तीची करावी, असे केंद्राने राज्यांना कळवले. नोंदच नसेल तर कोणत्या तालुक्यात किती कुप्या ठेवायच्या, हे ठरवता येत नाही. महाराष्ट्रात गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत सर्पदंशाने झालेल्या मृत्यूचा समावेश असून, शेतकरी कुटुंबाला दोन लाख रुपयांची मदत मिळते.

नवे औषध येईपर्यंत काय करावे?

साप चावल्यास रुग्णाला धीर द्यावा, चालू-पळू देऊ नये. चावलेला हात किंवा पाय फळीच्या आधाराने स्थिर ठेवावा. अंगठी, बांगड्या, जोडवी काढावीत. घट्ट दोरी आवळणे, जखम कापणे, रक्त चोखणे हे टाळावे. सापाला मारण्यात किंवा पकडण्यात वेळ घालवू नये. मांत्रिकाकडे न जाता १०८ ला फोन करून किंवा मिळेल त्या वाहनाने थेट सरकारी रुग्णालय गाठावे. निघतानाच फोन करून प्रतिविष उपलब्ध आहे का, हे विचारावे.

मण्यार बहुधा रात्री, झोपेत चावते. वेदना किंवा सूज जवळपास नसते, त्यामुळे दंश लक्षातही येत नाही. पहाटे पोटात दुखणे, पापण्या जड होणे, गिळताना त्रास होणे ही लक्षणे दिसली तर वाट पाहू नये. जमिनीवर न झोपता खाटेवर झोपणे आणि मच्छरदाणी गादीखाली नीट खोचणे, हा त्यावरचा सोपा उपाय. रात्री बाहेर पडताना बॅटरी आणि शेतात गमबूट वापरावेत.

नवी प्रतिपिंडे आणि प्रथिने यांच्या मानवी चाचण्या, परवानगी आणि उत्पादन यात काही वर्षे सहज जातील. तोपर्यंत तमिळनाडूबाहेरच्या सापांचे विष वापरून प्रादेशिक प्रतिविष तयार करणे आणि प्राथमिक आरोग्य केंद्रातील डॉक्टरांना पहिली मात्रा देण्याचे प्रशिक्षण व आत्मविश्वास देणे, ही दोन कामे आजही शक्य आहेत. ती झाली नाहीत, तर उद्याचे उत्तम औषधही रुग्ण वाटेत असतानाच निरुपयोगी ठरेल.