नवऱ्यांचीही तपासणी हवी

गरोदर बाईची सिफिलिस आणि एचआयव्हीची तपासणी सरकारी दवाखान्यात होते. नवरा बहुतेक वेळा बाहेर बाकावर बसून राहतो. हे बदलायलाच हवे. त्याच्यावर उपचार झाले नाहीत, तर सिफिलिसमधून बरी झालेली बायको पुन्हा बाधित होऊ शकते.

क्लॅमिडिया हा लैंगिक संसर्ग तर बहुतेकींना जाणवतही नाही. दुखत नाही, खुपत नाही, पण उपचार राहिले तर गर्भनलिकांना इजा होऊ शकते. पुढे मूल झाले नाही की बोल लागतो तो तिलाच!

सरकारी रुग्णालयांतल्या ‘सुरक्षा क्लिनिक’मध्ये तपासणी आणि उपचार मोफत मिळतात. एचआयव्हीबाबत गोपनीयतेचे बंधन २०१७च्या कायद्याने घातले आहे. सुरुवातीच्या सिफिलिसला सहसा पेनिसिलिनचे एकच इंजेक्शन पुरते. १०९७ या मोफत क्रमांकावर माहिती मिळते. नवऱ्यांनी तो स्वतः फिरवावा.