मूल कोणत्या धर्माची मालमत्ता?

नरसीच्या नामदेवांचा आणि औंढा नागनाथच्या विसोबा खेचरांचा उल्लेख केल्यावाचून हिंगोली जिल्ह्यात सार्वजनिक भाषण पुरे होत नाही. शिवपिंडीवर पाय ठेवून निजलेल्या विसोबांनी नामदेवांना, देव नसेल अशी जागा शोध आणि तिथे माझे पाय उचलून ठेव, असे सांगितल्याची कथा सर्व पक्षांचे वक्ते रंगवून सांगतात आणि श्रोते माना डोलावतात. मात्र त्या श्रोत्यांपैकीच कोणी उद्या गळ्यातली माळ उतरवली, गुरूची दीक्षा टाकली किंवा जमातीच्या शिस्तीबाहेर पाऊल टाकले, तर माना डोलावणे तत्काळ थांबते. विचारस्वातंत्र्य सातशे वर्षांपूर्वीच्या संताला शोभते. शेजारच्या घरातल्या सुनेला नव्हे!

अशा माणसाला पूर्वी उघडपणे वाळीत टाकीत. महाराष्ट्रात सामाजिक बहिष्काराविरुद्धचा कायदा २०१७ पासून अमलात आहे आणि त्यात तीन वर्षांपर्यंतच्या कैदेची तरतूद आहे. परंतु घराच्या उंबरठ्याआड चालणारा एक बहिष्कार असा आहे की, त्याची फिर्याद घेऊन पोलीस ठाण्याची पायरी चढता येत नाही. धर्म सोडणाऱ्याला त्याच्या मुलापासून तोडणे, हा तो बहिष्कार होय.

सेनगाव किंवा वसमत तालुक्यातील एखादे घर डोळ्यांपुढे आणावे. कडक आचार पाळणाऱ्या पंथातले कुटुंब आहे. बाईची श्रद्धा उडाली, नवऱ्याची टिकली. संसार मोडला, पण मुले दोघांचीच राहिली. आता ती शाळेच्या दिवसांत आईकडे आणि सुट्टीत बापाकडे असावीत, असे दोघांनीही समजुतीने ठरवले असेल. परंतु भोवतालचे वडीलधारे ठरवू देतील तर ना! मुलांचे जावळ, त्यांची दीक्षा, त्यांचे उपास, त्यांच्या ताटातले अन्न, प्रत्येक बाब ही आईच्या परीक्षेची बाब बनते. ‘तुला देव नको तर नको, पण लेकरांना का बाटवतेस?’ या एका वाक्यापुढे माहेरही सासरच्या बाजूने उभे राहते. सातबारा नवऱ्याच्या किंवा सासऱ्याच्या नावावर आहे. हळदीच्या काढणीच्या मजुरीवर तिचे घर चालते. मुलाच्या वह्या आणि औषध ज्याच्या पैशाने येते, त्याचाच देव घरात येतो. सदसद्विवेकबुद्धीच्या स्वातंत्र्याची चर्चा करणारे विद्वान या हिशेबाकडे फारसे फिरकत नाहीत. ज्या बाईकडे दोन एकर कोरडवाहूसुद्धा नाही, तिला राज्यघटनेच्या पंचविसाव्या कलमाचा उपभोग घेणे फार महाग पडते.

पुरुष यातून सुटतो असे नाही. श्रद्धा सोडलेल्या बापाची मुले आजोळी ठेवली जातात आणि त्याला भेटीसाठी अट घातली जाते, की आधी गुरूंपुढे नाक घास. फरक एवढाच, की त्याच्या नावावर बहुधा जमीन असते. तो जिल्हा न्यायालयापर्यंत पोहोचू शकतो.

हे सारे मागासलेल्या मराठवाड्याचे दुखणे आहे, असे पुण्या-मुंबईच्या वाचकाने समजू नये. ॲनी बेझंट यांचे नाव पुढे १९१७ साली काँग्रेसच्या अध्यक्षा म्हणून भारतभर गाजले. त्या मूळच्या एका इंग्रज धर्मोपदेशकाच्या पत्नी. ख्रिस्ती श्रद्धा मावळल्यावर १८७३ मध्ये त्या पतीपासून विभक्त झाल्या. करारानुसार मुलगा बापाकडे राहिला आणि लहानगी मेबल आईकडे. १८७७ मध्ये संततिनियमनाच्या पुस्तिकेवरून चार्ल्स ब्रॅडलॉ यांच्यासह त्यांच्यावर खटला झाला आणि १८७८ मध्ये न्यायाधीश जेसेल यांनी आईची नास्तिकता व ती पुस्तिका या दोन कारणांसाठी मेबलला बापाच्या स्वाधीन केले. आईने मुलीची हेळसांड केली, असा काही आधार त्या निकालाला नव्हता. मुले वयात आल्यावर आपण होऊन आईकडे परतली, ही त्या निकालावरची सर्वात बोलकी टीका. (इतिहासाची गंमत अशी की, पुढे याच बेझंटबाई कृष्णमूर्ती व त्यांचा भाऊ यांच्या पालक झाल्या. मुलांच्या बापाने १९१२ मध्ये दावा लावला, तो मद्रासच्या उच्च न्यायालयात जिंकला आणि १९१४ मध्ये प्रिव्ही कौन्सिलमध्ये हरला. मुलावरची मालकी एकदा हाती आली की ती सोडवत नाही, मग माणूस कितीही पुरोगामी असो.)

इंग्लंडातील त्या निकालाला दीडशे वर्षे होत आली. भारतीय कायदा आज काय सांगतो? १९५६ च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियमाचे सहावे कलम वाचावे. त्याच्या परंतुकानुसार जी व्यक्ती ‘हिंदू राहिलेली नाही’, तिला आपल्याच अपत्याचा नैसर्गिक पालक म्हणून वागण्याचा हक्क उरत नाही. त्याच ओळीत संन्यास घेऊन संसार सोडणाऱ्यालाही बसवले आहे. म्हणजे जो मुलाला टाकून अरण्यात गेला आणि जो मुलाला छातीशी धरून केवळ देव्हाऱ्यापासून दूर गेला, ते दोघे कायद्याच्या लेखी सारखेच! या कायद्याच्या दृष्टीने बौद्ध, जैन आणि शीख हे हिंदूच. तेव्हा १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात डॉ. आंबेडकरांबरोबर धम्मदीक्षा घेणाऱ्या लाखो आईबापांना हे परंतुक लागले नाही. मुसलमान किंवा ख्रिस्ती होणाऱ्याला मात्र ते लागते. नुसत्या नास्तिकालाही कायदा हिंदूच मानतो. थोडक्यात, निःशब्दपणे श्रद्धा सोडणाऱ्याला माफी आहे आणि प्रामाणिकपणे दुसरा मार्ग धरणाऱ्याला शिक्षा.

याउलट १८५० साली, ईस्ट इंडिया कंपनीच्या राजवटीत झालेल्या कायद्याने म्हटले होते की, धर्म सोडल्यामुळे किंवा जातिबहिष्कृत झाल्यामुळे कोणाचाही हक्क वा मालमत्ता बुडू नये. मिशनऱ्यांच्या सोयीसाठी का होईना, परक्या व्यापाऱ्यांना जे सुचले, ते स्वतंत्र भारताच्या संसदेने पालकत्वाच्या बाबतीत उलटे फिरवले.

कायद्याचे कैवारी सांगतील की, याच अधिनियमाच्या तेराव्या कलमाने मुलाचे हित सर्वोपरी ठरवले आहे, न्यायालये परंतुकाकडे पाहून नव्हे तर हिताकडे पाहून ताबा ठरवतात आणि १९९९ मध्ये गीता हरिहरन प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने आईचे पालकत्वही व्यापक केले. हे खरे आहे. परंतु न्यायालयापर्यंत जातो कोण? गावच्या बैठकीत परंतुक हे धमकी म्हणून वापरता येते, आणि धमकीला निकालाची गरज नसते. शिवाय राज्यघटनेच्या अठ्ठाविसाव्या कलमाप्रमाणे मान्यताप्राप्त किंवा अनुदानित शाळेत अज्ञान मुलाला धार्मिक शिक्षण द्यायचे तर पालकाची संमती लागते. पालक कोण, हेच धर्माने ठरू लागले, तर ती संमती कोणाची मागायची? ज्या आईबापाचा नकार असणार, त्याचे पालकत्वच आधी काढून घेतले की शाळेचा मार्ग मोकळा!

हा रोग एकट्या हिंदूंचा नाही. पारंपरिक हनफी न्यायशास्त्रात धर्मत्याग करणाऱ्या आईचा मुलाच्या संगोपनाचा, म्हणजे हिजानतचा, हक्क जातो असे मानले गेले. १९३९ च्या कायद्याने मुस्लिम पत्नीच्या धर्मत्यागामुळे विवाह आपोआप मोडणार नाही असे ठरवले, पण मुलांचा प्रश्न तिथेच राहिला. १९७० मध्ये पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापन करणाऱ्या हमीद दलवाईंना जो रोष पत्करावा लागला, त्यावरून घराघरातल्या कमी धीट माणसांवर काय दडपण असेल, याचा अंदाज यावा.

मराठी माणसाजवळ या बाबतीत एक जुना धडा आहे. नारायण वामन टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाई कर्मठ ब्राह्मण संस्कारातल्या; त्यांनी धर्म सोडला नाही. काही वर्षे पतिपत्नी वेगळी राहिली, छोटा दत्तू आईजवळ वाढला. नातलगांनी आकाशपाताळ एक केले, परंतु दोघांमधला धागा तुटला नाही. लक्ष्मीबाई पुन्हा नवऱ्याबरोबर राहू लागल्या, त्याही हिंदू म्हणून, आपले सोवळे सांभाळीत. आणि १९०० मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला, तो स्वतः विचार करून. येथे धर्म सोडणारा दुसऱ्या धर्मात गेला होता आणि शेवटही त्याच धर्मात झाला, हे मान्य. तरीही मुलाला कैदी न करता दोन श्रद्धांचे आईबाप किती काळ वाट पाहू शकतात, हे ‘स्मृतिचित्रे’ वाचून कळते.

आता थोडे स्वकीयांविषयी. चळवळीत असे कार्यकर्ते कमी नाहीत, जे व्यासपीठावर बुवाबाजीवर कोरडे ओढतात आणि घरी ‘मंडळींसाठी’ सत्यनारायण घालतात. त्यांच्या तोंडून श्रद्धा सोडलेल्या बाईला हमखास सल्ला मिळतो, की मुलांसाठी जुळवून घ्या. दुसरे टोक याहून बरे नाही. विभक्त पत्नीकडे जाणाऱ्या मुलाच्या कपाळावरचा बुक्का पुसून काढणारा, आजीने शिकवलेल्या आरतीची टिंगल करणारा बाप हा मुलाची नास्तिकतेची मुंजच लावीत असतो. मुलाने आईच्या घरी हात जोडावेत आणि बापाच्या घरी प्रश्न विचारावेत, यात मुलाचे काही बिघडत नाही. एका घरात दुसऱ्या घराची निंदा ऐकावी लागली, म्हणजे बिघडते.

हाच न्याय श्रद्धावान पालकालाही लागू पडतो. ऑस्ट्रियातील हॉफमन नावाच्या बाईने कॅथलिक पंथ सोडून ‘यहोवाचे साक्षीदार’ हा अधिक कडक पंथ स्वीकारला, म्हणून तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने मुले बापाला दिली. १९९३ मध्ये युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी तो निकाल भेदभावाचा ठरवला. आईचा पंथ नास्तिकांना कितीही अप्रिय असो, केवळ त्यासाठी तिची मुले हिरावता येत नाहीत. असाच नियम येथे हवा: सहाव्या कलमातले धर्मत्यागाचे परंतुक वगळावे, आणि १८९० च्या पालक व पाल्य अधिनियमात पालक नेमताना अज्ञानाचा धर्म विचारात घेण्यास जे सांगितले आहे, त्याऐवजी मुलाच्या स्वतःच्या इच्छेला आणि संगोपनाला वजन द्यावे.

संसदेने ते करीपर्यंत हिंगोलीतल्या कार्यकर्त्यांना काम आहे. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण अधिनियमानुसार कोणत्याही स्त्रीला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. ही गोष्ट सेनगाव-कळमनुरीच्या मजूर बायकांना किती ठाऊक आहे? गावच्या बैठकीत एकट्या पडलेल्या आईशेजारी बसायला दोन माणसे आणि जिल्हा न्यायालयाच्या तारखेला तिच्याबरोबर एसटीने जायला एक माणूस, एवढी सोय प्रत्येक तालुका शाखेने या महिन्यातच करावी.