जिन्याचे लाकूड घेताना

आपल्या कष्टकरी माणसाचे घर एका दमात होत नाही. आधी चार भिंती आणि पत्रा, मग जमेल तशी फरशी, आणि मुले मोठी झाली की वर एक खोली. त्या खोलीला जिना लागतो. कपाटाचे लाकूड खराब निघाले तर पैसा जातो. जिन्याची पायरी मोडली तर माणूस पडतो. म्हणून लाकडी जिना करायचा ठरवला असेल, तर वखारीत जाण्यापूर्वी आमचे हे चार शब्द ऐका.

आधी हिशेब मांडा. पायरी अडीच फूट लांब, 10 इंच रुंद व दीड इंच जाड धरली, तर 12 पायऱ्यांना 3 घनफुटांहून थोडे अधिक लाकूड लागते. पायऱ्या ज्यात बसतात त्या बाजूच्या दोन फळ्या 13 फूट लांब, 9 इंच रुंद व 2 इंच जाड धरल्या, तर त्यांना सव्वातीन घनफूट. म्हणजे एकूण साडेसहा घनफुटांच्या आत. कापणीतली तूट वेगळी. हा आकडा हातात असला की कोणी आपल्याला फसवू शकत नाही.

आता लाकूड. सागवान सर्वांत उत्तम, कारण ते फारसे वाकत नाही आणि त्याला वाळवी सहज लागत नाही. पण हा गुण गाभ्याचा आहे, सालीलगतच्या पांढऱ्या भागाचा नाही. पांढऱ्या भागाला कीड लागते. ‘सागवान आहे’ एवढ्यावर पैसे देऊ नका. फळी दोन्ही बाजूंनी व टोकाला पाहा. रंग किंवा पॉलिश लावलेली फळी घेऊच नका.

सागवान परवडत नसेल तर ऐन मजबूत आहे, मात्र वाळताना तो चिरतो. म्हणून पूर्ण वाळलेलाच घ्यावा. बाभूळही चिवट. बैलगाडीच्या चाकाला ती चालते, तर आपल्या पायरीला का नाही? फक्त सरळ, लांब फळी मिळणे कठीण. आंब्याचे लाकूड स्वस्त असले तरी त्याला कीड लवकर लागते. ते जिन्याला नको. जुन्या इमारती पाडल्यावर निघालेले सागवान मिळाले तर अवश्य पाहा. ते वर्षानुवर्षे वाळलेले असते. खिळे काढून घ्या आणि भिंतीत गेलेली टोके कुजली नाहीत ना, हे टोचून पाहा.

ओले लाकूड बसवल्यावर आकसते, खिळे सैल होतात, पायरी हलू लागते. सारख्या मापाच्या, एकाच जातीच्या दोन फळ्या उचला. जड असेल ती बहुधा ओली. पायरीच्या मधोमध मोठी गाठ किंवा आरपार चीर असेल, तर ती फळी बाजूला ठेवा.

मिस्त्रीला एकच सांगा: पायरी नुसत्या खिळ्यांवर टांगू नका, बाजूच्या फळीत खाच पाडून बसवा. पैसा कमी पडला तर कठड्यावरची नक्षी सोडा, पायरीची जाडी सोडू नका. त्या जिन्यावरून रात्रीच्या अंधारात म्हातारी आई उतरणार आहे आणि सकाळी दप्तर घेऊन लेकरू धावत सुटणार आहे.