मस्करॅटचे सापळे आणि हजार किलोमीटरवरचे धरण (थ्रेड)

किपलिंगच्या १८९४ सालच्या 'जंगल बुक'मधला छुछुंद्रा अनेकांना आठवत असेल. भिंतीच्या कडेकडेने पळणारा, खोलीच्या मध्यभागी येण्याचे धाडस न करणारा. किपलिंगने त्याला 'मस्करॅट' म्हटले, कारण हिंदुस्थानातले इंग्रज इथल्या चिचुंद्रीला त्याच नावाने ओळखत. या थ्रेडचा विषय तो प्राणी नव्हे. खरा मस्करॅट उत्तर अमेरिकेचा. तळी आणि दलदलीत राहणारा, चपट्या शेपटीचा, साधारण किलोभर वजनाचा, दाट फर असलेला कुरतडणारा प्राणी.

कॅनडातील फरच्या व्यापाराचा इतिहास मात्र बहुधा बीव्हरच्या नावाने सांगितला जातो. १६७० साली सनद मिळालेल्या हडसन्स बे कंपनीने तर 'मेड बीव्हर' हे हिशेबाचे एककच ठरवले होते. एका चांगल्या बीव्हरच्या कातड्याशी बाकी प्रत्येक वस्तूची किंमत ताडून पाहायची. या हिशेबात मस्करॅट म्हणजे चिल्लर. पण उत्तरेकडच्या कित्येक घरांचा संसार या चिल्लरीवरच चालला.

पीस आणि अ‍ॅथाबास्का या नद्यांचा त्रिभुज प्रदेश हे त्याचे ठळक उदाहरण. उत्तर अल्बर्टातील हा विस्तीर्ण पाणथळ भाग. त्याच्या काठावर १७८८ साली नॉर्थ वेस्ट कंपनीने फोर्ट चिपेवायन हे ठाणे वसवले. क्री, डेने आणि मेटी कुटुंबे इथे पिढ्यानपिढ्या मस्करॅट पकडत आली. मांस चुलीवर, कातडे दुकानावर.

हे काम कसे चालते ते समजून घेतल्याशिवाय पुढचा वाद कळणार नाही. मस्करॅट हिवाळ्यात झोपून राहत नाही. तळ्यावर बर्फ धरू लागला की तो त्याला भोक पाडतो आणि पाणवनस्पतींचा लगदा खालून वर ढकलत राहतो. तो लगदा गोठून बर्फावर एक छोटासा घुमट उभा राहतो. बर्फाखाली पाणकणसाची मुळे खायची आणि अधूनमधून या घुमटात येऊन श्वास घ्यायचा, असा त्याचा हिवाळा. सापळा लावणारा माणूस घुमटाची एक बाजू कापतो, आतल्या ओल्या कट्ट्यावर सापळा ठेवतो, साखळी काठीला बांधतो आणि कापलेली बाजू पुन्हा नीट बंद करून वर बर्फ थापतो. यातली शेवटची पायरी सर्वांत महत्त्वाची. फट राहिली तर भोक गोठते, आणि ते दार प्राण्यालाही बंद होते, माणसालाही. सापळ्यात पाय अडकला की प्राणी पाण्यात सूर मारतो आणि बुडून मरतो. ही कला सौम्य होती असे म्हणण्याचे कारण नाही.

या साऱ्याचा आधार एकच : बर्फाखाली पुरेसे पाणी. तळे उथळ झाले तर ते तळापर्यंत गोठते, मुळे बर्फात अडकतात आणि मस्करॅट उपाशी मरतो. त्रिभुज प्रदेशातील अनेक तळी नदीपेक्षा उंचावर आहेत. नदीचे रोजचे पाणी तिथे पोहोचत नाही. वसंतात नदीवरचा बर्फ फुटतो, त्याचे तुकडे एकमेकांत अडकून भिंत तयार होते, मागे पाणी तुंबते आणि तो पूर या तळ्यांत शिरतो. मग काही वर्षे निश्चिंती. अशा पुरानंतर मस्करॅट जणू आभाळातून पडतात, असे तिथले जुने लोक म्हणत.

१९६८ साली ब्रिटिश कोलंबियात पीस नदीवरच्या बेनेट धरणाचा जलाशय भरायला सुरुवात झाली. १८३ मीटर उंचीचे हे धरण त्रिभुज प्रदेशापासून नदीमार्गे हजार किलोमीटरहून अधिक दूर आहे. जलाशय भरायला १९७१ उजाडले. तेवढ्या काळात खालची तळी आटली, दलदलीवर गवत आणि झुडपे चढली, मस्करॅट दिसेनासे झाले. मराठीत 'धरणग्रस्त' म्हटले की ज्याचे घर बुडाले तो माणूस डोळ्यांसमोर येतो. मुळशीपासून हा अर्थ पक्का झाला आहे. फोर्ट चिपेवायनचे लोक उलट्या बाजूचे धरणग्रस्त. त्यांच्या दारचे पाणी गेले.

अर्थात सर्व दोष धरणाच्या माथी मारणे घाईचे ठरेल. धरणानंतरही १९७४ साली मोठा पूर आला आणि मस्करॅट परतले. तळ्यांच्या तळाचा गाळ तपासणाऱ्या संशोधकांना धरणापूर्वीच्या शतकांतही कोरड्या काळाच्या खुणा सापडल्या आहेत. बर्फवृष्टी आणि तापमान बदलते आहे, तेही खरे. मात्र विजेची गरज हिवाळ्यात जास्त असल्याने धरण हिवाळ्यात जास्त पाणी सोडते; मग नदीवरचा बर्फ वरच्या पातळीवर धरतो आणि वसंतातला पूर तळ्यांपर्यंत चढणे अवघड होते. १९७०च्या दशकात दगडी बंधारे बांधले गेले. त्यांनी मुख्य सरोवराची पातळी बरीचशी सावरली, उंचावरची तळी कोरडीच राहिली.

तरीही लोकप्रिय कथनांत सापळे थांबण्याचे श्रेय फॅशनला आणि प्राणिप्रेमी चळवळीला मिळते. इथे सनावळी पाहण्याचा साधा नियमही पाळला जात नाही. युरोपीय आर्थिक समुदायाने सीलच्या पिलांच्या कातड्यांवर बंदी घातली ती १९८३ साली, आणि फरचा बाजार कोसळला तो त्या दशकात. जलाशय भरू लागला १९६८मध्ये. बाजार पडला तेव्हा या भागातील पाणी जाऊन दीड दशक होत आले होते. बाजाराने घाव घातला हे खरे, पण पहिला घाव त्याचा नव्हता.

त्याहून खटकणारी बाब पुराव्याची आहे. १९४२ साली चार्ल्स एल्टन आणि मेरी निकल्सन यांनी कॅनडातील मस्करॅटच्या संख्येतील चढउतारांवर निबंध लिहिला, तो हडसन्स बे कंपनीच्या दप्तरांतील कातड्यांच्या आकड्यांवर. ते आकडे सापळे लावणाऱ्यांच्या हातूनच दप्तरात आले होते. म्हणजे या माणसांचे काम कंपनीच्या वहीत उतरले की विज्ञानाची सामग्री होते, आणि त्याच माणसांनी तोंडाने सांगितले की तळी आटली, तर ती 'आठवण' ठरते. वही लिहिणाऱ्या कारकुनाने एकही घुमट उघडून पाहिलेला नसेल. ज्याने चाळीस हिवाळे त्याच तळ्यावर बर्फ फोडला, त्याची साक्ष दुय्यम मानणे ही काटेकोर इतिहासपद्धती नव्हे.

२०१४ साली मिकिस्यू क्री समाजाने युनेस्कोकडे धाव घेतली, कारण या त्रिभुज प्रदेशाचा मोठा भाग वुड बफेलो राष्ट्रीय उद्यानात, म्हणजे १९८३पासूनच्या जागतिक वारसास्थळात येतो. २०१६ साली युनेस्कोचे पथक पाहणीला येऊन गेले. दरम्यान मिकिस्यू क्री आणि अ‍ॅथाबास्का चिपेवायन या समाजांच्या निरीक्षकांनी मोजणीचे काम स्वतःच हाती घेतले आहे. ते गोठलेल्या तळ्यांवर जातात, मस्करॅटची घरे मोजतात, बर्फाची जाडी नोंदवतात. आता वही त्यांची स्वतःची आहे.